घरची मोजणी

सीटी स्कॅनच्या यंत्राची फळी सरकत बाहेर आली तेव्हा मोजणीदार बोलतच होते. आत जातानाही बोलत होते. आत गेल्यावर ‘गप्प पडून राहा’ असं बजावलं गेलं म्हणून तेवढा वेळ त्यांनी नुसत्या हुंकारांवर काढला, आणि आता वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुन्हा उचललं.

“...तर काय सांगत होतो, माझं माप माझी मुलगीच घेणार. इथलीच डॉक्टर आहे ती.”

यंत्र चालवणाऱ्या बाईंनी मान डोलावली. हे त्यांना ठाऊक होतं. दारावरच्या रखवालदाराला ठाऊक होतं. बाहेर बाकावर गालाला रुमाल लावून बसलेल्या गृहस्थांनाही ते, विचारलं नसताना, ठाऊक झालं होतं.

मोजणीदारांची उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर नाकात मांस वाढलं आणि वास गेला तो गेलाच. दूध करपून पातेलं काळं झालं तरी ते शेजारी बसून पेपर वाचत. आता ऑपरेशन ठरलं होतं. नाकाचं छत आणि मेंदू यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. ते कुठं किती खाली उतरलंय हे आधी मोजलं नाही, तर सर्जनचं हत्यार नाकातून निघून मेंदूच्या घरात पोचायचं.

काचेपलीकडे मुलीनं वडिलांचं डोकं पडद्यावर उभं केलं. शेकडो काप एकावर एक रचून झालेली कवटी संथ फिरत होती. गालांमागच्या, कपाळामागच्या पोकळ्या भरून आलेल्या दिसत होत्या. तिनं नाकाच्या छतावर पहिला बिंदू टेकवला, दुसऱ्यापाशी थांबली. मग तो पहिलाही पुसून टाकला.

“ही केस तू घे,” ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाली.

त्यानं जाड चष्मा वर सारला. “तुझ्या बाबांची? मघाशी त्यांनी मला शिपाई समजून चहाला पिटाळलं.”

“आणलास?”

“दोन आणले. एक त्यांनी मलाच पाजला.”

“मग मीठ नाही खाल्लंस तरी चहा प्यायलायस त्यांचा. नीट मोज.”

त्यानं कवटी आपल्या पडद्यावर घेतली. “डोकं कललंय जरा. आधी सरळ करावं लागेल.”

“बघ प्रयत्न करून. आईला जन्मात जमलं नाही.”

ती हसली, पण उठून बाहेर जाऊन उभी राहिली. ती शाळेत असताना थोरल्या काकांचा बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला होता. मोजणी बाबांच्याच कचेरीकडे आली आणि बाबांनी ती दुसऱ्याकडे दिली. ‘आपल्या माणसाच्या बांधावर मोजणीची साखळी धरली की हात आपोआप सैल पडतो,’ एवढंच ते म्हणाले. शेजाऱ्याची बाजू खरी ठरली. काकांनी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

दुपारी सर्जनबाईंनी बापलेकींना आणि चष्मेवाल्या सहकाऱ्याला आपल्या खोलीत बोलावलं.

“डावीकडे छत बरंच खाली उतरलंय, उजवीकडे तसं नाही. हे आधी कळलं ते बरं झालं. डाव्या बाजूला मी जपून जाईन.”

“माप कुणाचं आहे!” मोजणीदार खुर्चीत फुगले.

“यांचं,” बाईंनी चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं.

मोजणीदार मुलीकडे वळले. ती फरशीकडे बघत होती.

“तू नाही मोजलंस?”

“नाही, बाबा.”

“अगं, मी सगळ्यांना सांगत सुटलोय.”

“ऐकलं. वरच्या मजल्यावरही ऐकू आलं.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हे इतकं अघटित होतं की सर्जनबाईंनी त्यांची नाडी बघायला हात पुढे केला. तो बाजूला सारून ते चष्मेवाल्याला म्हणाले, “किती वेळा मोजलंत?”

“दोनदा. दुसऱ्यांदा पहिला आकडा झाकून.”

“कुणापासून झाकून?”

“माझ्यापासूनच.”

मोजणीदारांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. कचेरीत साहेब आले की लावत, तसं.

“बसा तुम्ही,” ते म्हणाले. “चहा मी आणतो.” दारात ते थांबले. “आणि तू गं. काकाला फोन कर. म्हणावं, माझंही डोकं परक्यानंच मोजलं.”

“तुम्हीच करा ना.”

“माझा फोन तो कुठं घेतो? तुझा घेईल.”

दार उघडंच राहिलं. सकाळचे गृहस्थ आता इथल्या बाकावर येऊन बसले होते; त्यांनी रुमाल जरा बाजूला केलेला तिला दिसला.

“काय, घेतलं का मुलीनं माप?”

“छे!” मोजणीदारांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. “हात लावला नाही तिनं!”

अभिनंदन करावं की सांत्वन, हे न कळून गृहस्थांनी रुमाल पुन्हा गालाला लावला. मोजणीदार चहाच्या दिशेनं निघाले. डोकं अगदी सरळ होतं.