आठ दिवसांचं पथ्य

फळीवरचा डबा काढायला मालनबाई हात वर करायच्या, तेव्हा त्यांच्या हातातलं चांदीचं कडं खाली घसरायचं. दोन वर्षांपूर्वी ते मनगटापासून चार बोटांवर अडायचं. गेल्या दिवाळीत सहा बोटांवर. आता ते थेट कोपरापाशी जाऊन थांबत होतं, आणि पावलं मात्र संध्याकाळपर्यंत अशी सुजत की चपलेचा पट्टा रुतायचा.

हे मोजलं होतं रूपालीने, त्यांच्या सुनेने. ती रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली होती आणि मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. विद्यापीठाच्या गेटपासून पायी सहा मिनिटांवर, बेगमपुऱ्यात, मालनबाईंची खानावळ होती. रोज चाळीस पोरं जेवायची. वरण, उसळ, बुधवारी अंडाकरी, रविवारी मटण. आणि एवढं सगळं शिजवणारी बाई स्वतः भाकरीबरोबर गूळ खायची, वर उसाचा रस.

कारण भिंतीवर होतं. इंद्रजीतच्या जन्माच्या वेळी मालनबाईंना रक्त चढवलं होतं. त्यातून शिरलेला विषाणू तीस वर्षं गुपचूप बसला होता. औषधांनी तो गेला, पण यकृत कडक झालं ते झालंच. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मालनबाईंनी सगळ्या डब्यांत नुसती साखर भरली आणि समोर उभ्या इंद्रजीतला विचारलं, “कोण रे तू? कोणाचा?” यकृताने न गाळलेलं विष डोक्यात चढलं होतं. दवाखान्यात चार दिवस राहून त्या सावरल्या. घरी येताना एक कागद मिळाला: डाळ, अंडी, मटण, दूध बंद. इंद्रजीतने तो त्याच दिवशी प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला आणि चुलीसमोर खिळ्याला अडकवला. डाळीची फोडणी उडायची, रश्श्याचे शिंतोडे उडायचे, कागदाला काही होत नसे.

मालनबाई तो अक्षरशः पाळायच्या. वरणाची चवसुद्धा घेत नसत, पळीवरून ओघळ कसा पडतो ते बघून आणि वास घेऊन मीठ ठरवायच्या. संशोधन करणारा आकाश पाच वर्षं तिथं जेवत होता. तो म्हणायचा, “मावशी, आमच्या प्रयोगशाळेत तुमच्या नाकाएवढं भरवशाचं यंत्र नाही.”

“तुझं संशोधन कधी संपायचं ते बघ आधी,” मालनबाई म्हणायच्या. “माझ्या वरणावर दुसरी पदवी घ्यायलास का?”

पण उन्हाळ्यात वरणाचं पातेलं उतरवताना त्यांचा हात सुटला. भाजलं नाही कुणाला, वरण मात्र मोरीपर्यंत गेलं. त्या रात्रीच्या जेवणाला पोरांनी लोणच्याशी भात खाल्ला आणि कुणी काही बोललं नाही. त्यामुळे मालनबाईंना जास्तच लागलं.

इंद्रजीत वाळूजच्या कंपनीत कामाला होता. तो म्हणाला, “आई, बास आता. बंद करू खानावळ. जागेचा करार संपत आलाय, मालक कडुबाकाका रोज विचारतेत, ठेवायची का सोडायची.”

“बघू,” मालनबाई म्हणाल्या. दिवाळीपासून त्या हेच म्हणत होत्या.

रूपाली भांडी विसळत राहिली. तिला खानावळ चालवायची होती. लग्न होऊन आल्यावर तिला त्या घरात पहिल्यांदा काही आवडलं असेल तर ते पहाटेचं मोठं पातेलं. पण सासूच्या हातातलं बळ सरत असताना ‘मला द्या’ म्हणायचं कसं? आणि न म्हणावं तर बेगमपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांना तीन-चार महिन्यांत कुलूप लागणार होतं.

पुढच्या तपासणीला इंद्रजीतसोबत तीही गेली. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, “पथ्य सांभाळता ना?” मालनबाई नेहमीसारखं “व्हय” म्हणाल्या. मग रूपालीने कड्याचं सांगितलं. चार बोटं, सहा बोटं, कोपर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

आहारतज्ज्ञ प्रेरणा नावाची तरुण बाई होती. तिने मालनबाईंच्या हातात पकडीचं बळ मोजणारा काट्याचा दांडा दिला आणि जोर लावून दाबायला सांगितलं. काटा अकरा किलोवर थांबला.

“कमी हाय का?” मालनबाईंनी विचारलं.

“निदान सोळा तरी हवेत. काय खाता दिवसभर?”

ऐकता ऐकता प्रेरणाचा चेहरा बदलला. “डाळ बंद कुणी सांगितली?”

“कागद हाय ना.” मालनबाईंनी पिशवीतून तो प्लॅस्टिकमधला कागद काढला. दवाखान्यात जाताना त्या तो भिंतीवरून काढून बरोबर आणायच्या, शाळेचा दाखला आणावा तसा.

प्रेरणाने तो उजेडात धरला. तळाशी अक्षरांची फक्त डोकी दिसत होती, धड कापलेलं. तिने फाईल उलटीसुलटी करून घरी सोडतानाचं जुनं कार्ड काढलं आणि वाचलं, “वरील पथ्य आठ दिवस. नंतर पूर्ण आहार.”

इंद्रजीत दारात उभा होता. “तो मापात बसंना,” तो हळूच म्हणाला. “दुकानदार म्हणला, खालून थोडं कापू का. मी म्हणलं, काप.”

 मग मालनबाईंना हसू फुटलं. “दोन वरीस लेका. चाळीस पोरांना अंडी वाढली मी, आन् मला आठ दिवसाचा उपास तू दोन वरीस घडवलास.”

“आता तर आम्ही ते आठ दिवससुद्धा सांगत नाही,” प्रेरणा म्हणाली. “यकृत म्हणजे घरातली धान्याची कणगी. तुमची कणगी लहान झाली, रात्रभर पुरत नाही. मग शरीर पहाटे स्वतःचंच मांस मोडून खातं. आणि जे विष डोक्यात चढतं ना, त्यातलं बरंच हे स्नायूच निपटून काढतात. स्नायू घटवून चालायचं नाही. तुम्हाला दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. झोपताना कपभर दूध आणि मूठभर बिनमिठाचे फुटाणे. मीठ कमीच, आणि पोट साफ ठेवायचं औषध सोडायचं नाही.”

मालनबाईंचं हसू ओसरलं. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, “रूपाली, त्या दिवशी मी माझ्याच लेकराला वळखलं नाय. पुन्हा तसं झालं तर? बळ नसलेलं चालंल मला.”

“आत्या, मी रोज तुम्हाला एक प्रश्न विचारीन,” रूपाली म्हणाली. “गडबडलात तर लगेच दवाखाना. पण आधी मोजून तर बघू.”

आणि ती मोजायला लागली. खानावळीचा तराजू होताच. सकाळी तीस ग्रॅम मुगाची दोन धिरडी, दहाला ताक, दुपारी वाटीभर घट्ट वरण, चारला उकडलेलं अंडं, रात्री मटकी, निजताना दूध-फुटाणे. पहिलं अंडं मालनबाईंनी असं धरलं होतं, जणू ते फुटेल. मग मिटल्या डोळ्यांनी खाल्लं. दोन वर्षांनी वरणाची चव घेतली तेव्हा त्या संतापल्या.

“हे असलं खारट खातेत पोरं? आन् कुणी बोललं नाय?”

“आम्हाला वाटलं, मावशींची पद्धत बदलली,” आकाश म्हणाला.

“रोजचा प्रश्न, आत्या,” रूपाली म्हणायची. “आज वार कोणता?”

“अंडाकरीचा,” मालनबाई म्हणायच्या, आणि त्या दिवशी बुधवारच असायचा. एकदाच त्यांनी मंगळवारी अंडाकरीचा वार सांगितला. रूपालीने दवाखान्याची फाईल काढली. चौकशी केल्यावर कळलं की त्यांना बुधवारच्या अंडाकरीपर्यंत थांबवत नव्हतं.

तीन महिन्यांनी काटा पंधरावर गेला. पायाची सूजही उतरली होती. प्रेरणा म्हणाली, “यकृत पूर्वीसारखं होणार नाही हं, मावशी. तपासण्या चालूच राहतील. पण हे हात तुमचे आहेत.”

घरी आल्यावर मालनबाईंनी लहान पातेलं एकट्याने उतरवलं. मग मोठ्याकडे गेल्या, कडेला हात लावला, अंदाज घेतला, आणि रूपालीला म्हणाल्या, “तू तिकडून धर.” दोघींनी ते उतरवलं. एक थेंब सांडला नाही.

इंद्रजीत कामावरून आला तेव्हा पोरं पंगतीला बसत होती. “आई, कडुबाकाका चौकात भेटले,” तो म्हणाला. “परवा शेवटची तारीख हाय. मी काय सांगू? आन् बघू म्हणू नको.”

मालनबाईंनी पळी ताटात ठेवली. पोरं ताटं घेऊन थांबली.

“हातात बळ नव्हतं तव्हा सुनेला हे दिलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर हातनं सुटलं म्हणून दिल्यासारखं झालं असतं. म्हणून बघू म्हणत होते.” मग त्यांनी रूपालीकडे पाहिलं, नि आवाज जरा मोठा केला. “जागा सोडायची नाय. करार रूपालीच्या नावानं कर. आजपासून खानावळ तिची, मी फकस्त वरण बघीन.”