केसभर उतार

अल्बिन झापालाक यांचं हर्नियाचं ऑपरेशन मे महिन्यात झालं. यापुढे चाळीस पौंडांवर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि आपण काय बोलून बसलोय याचा पत्ता नसलेला तो भला माणूस पुढच्या पेशंटकडे वळला. अल्बिनची स्टील गिटार पेटीसकट ऐंशी पौंड भरायची.

"मग क्लोविस उचलेल की," त्यांची बायको व्लास्ता म्हणाली. क्लोविस त्यांच्या बँडमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा.

"हो, आणि सूपही तोच भरवेल मला."

अडचण अशी होती, की अल्बिन यांनीच एक्केचाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवलं होतं: ज्याला आपली गिटार हॉलच्या सात पायऱ्या चढवता येत नाही, त्यानं माउथऑर्गन वाजवावा. किती म्हाताऱ्या वादकांना त्यांनी हे तोंडावर सुनावलं असेल, कोण जाणे. आता स्वतःचेच शब्द घशात अडकले होते. रविवारची चर्चमधली मास, म्हणजे प्रार्थना, आटोपली, की दुपारी तीनपासून गावच्या हॉलमध्ये नाच असायचा. ऑपरेशननंतर अल्बिन तिकडे फिरकले नव्हते. जुलैत त्यांनी क्लोविसला फोन करून सांगितलं, की कायमचा दुसरा कुणी बघ. मग शेडमध्ये जाऊन त्यांनी निष्कारण सगळ्या पटाश्यांना धार लावून ठेवली.

त्या पटाश्या बघून नेल्डाला काय ते कळलं. नेल्डा त्यांची मुलगी. वय त्रेपन्न, आणि त्यातली पंचवीस वर्षं याच शेडमध्ये वडिलांबरोबर स्टील गिटारी बनवण्यात गेलेली. चार पायांवर उभं टेबल, वर दहा तारा, खाली पेडलं. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि पायानं सूर वाकवायचे. मेपलचं लाकूड कसं ओळखायचं हे तिला वडिलांनी शिकवलं. बाकी सगळं ती मोडून, चुकून, पुन्हा जोडून शिकली होती.

तिनं हलक्या कार्बन फायबरची गिटार करायला घेतली.

यावर बाप-लेकीचं भांडण जुनंच होतं.

"ज्याच्या मासे धरायच्या काठ्या करतात त्याची गिटार?" अल्बिन म्हणायचे.

"त्याचेच विमानाचे पंखही करतात, डॅडी."

"मग विमानात बसेन तेव्हा वाजवीन. मेपल झाड होतं गं. त्यानं ऊन खाल्लंय, वारा खाल्लाय. तुझ्या त्या काळ्या पत्र्यानं काय खाल्लंय?"

"माझी पंचवीस वर्षं तरी नाही खाल्ली."

यात तिचा खरा राग होता तो उतारावर. पेडल दाबलं, की मेपलची पाटी केसभर वाकते आणि ज्या तारांचा त्या पेडलशी काही संबंध नाही, त्यांचाही सूर केसभर उतरतो. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं आणि घरातल्या गळक्या नळासारखं प्रत्येकजण ते चालवून घेतो. नेल्डाला ते कधी चालवून घेता आलं नाही. तिनं पट्ट्या मारून पाहिल्या, लाकूड जाड करून पाहिलं, उतार काही जाईना. कार्बन वाकत नाही. तेव्हा ही गिटार निम्मी वडिलांच्या पोटाच्या टाक्यांसाठी होती आणि निम्मी नेल्डाच्या हट्टासाठी, हे तिनं स्वतःपाशी तरी कबूल केलं होतं.

सहा आठवड्यांत, एका बुधवारी, गिटार उभी राहिली. पेटीसकट सदतीस पौंड. उतार शून्य.

अल्बिन बसले, पायाची जागा जुळवली, आणि त्यांनी एक सावकाश वॉल्ट्झ सुरू केला. चौथ्या सुरालाच त्यांचं तोंड आंबट झालं.

"सूर चढतोय."

"चढणं शक्यच नाही."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्लास्ताचा आवाज आला, "अल्बिन, मांजराला काय करताय?"

नेल्डानं सूर मोजायचं यंत्र आणून समोर ठेवलं, स्वतः एकेक तार छेडली, पेडल दाबलं. काटा जागच्या जागी.

"काटा रविवारी नाचायला येत नाही," अल्बिन म्हणाले. "माणसं येतात."

नेल्डानं यंत्र बाजूला सारलं. तिनं त्यांना पुन्हा वाजवायला लावलं आणि या खेपेला कानांऐवजी डोळे लावून बसली. उजवा हात ठीक. पाय ठीक. आणि मग तिला डावा हात दिसला. पेडल खाली गेलं, की हातातली कांडी केसभर पुढे सरकत होती. पाय उचलला, की मागे.

तिनं त्यांचं मनगट धरलं. "आता दाबा."

सूर असा स्वच्छ लागला, की स्वयंपाकघरात व्लास्ताची भांडी वाजायची थांबली.

मग तिनं त्यांना जुन्या मेपलवर बसवलं, तसंच मनगट धरलं, पेडल दाबायला लावलं. सूर उतरला.

"एक्केचाळीस वर्षं ही घसरत होती," नेल्डा म्हणाली, "आणि तुम्ही दर वेळी तिला सावरून घेत होता."

अल्बिन आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"मला कुणी बोललं नाही," ते म्हणाले. हातानंच बोलायला हवं होतं, असा सूर होता. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याला आता काय शिकवू? मी करतोय हे मलाच माहीत नव्हतं." आणि उठून घरात गेले.

शुक्रवारपर्यंत बाप-लेक फक्त हवापाण्याचंच बोलत होते. क्लोविसनं दोनदा फोन करून विचारलं, की येत्या रविवारी येणार की नाही ते एकदाच सांगा, नाहीतर मी खरंच दुसरा शोधतो.

हाताला सांगता येत नसेल, नेल्डानं विचार केला, तर गिटारला सांगता येईल. तिनं पेडलांना दोन बारीक सळया जादा जोडल्या. पेडल दाबलं, की त्या सळया इतर तारा केसभर ढिल्या सोडतील. मेपलसारख्याच. पंचवीस वर्षं जी खोट काढायला धडपडली, ती तिनं दोन दिवस खपून, काट्यावर मोजून, मापात परत घातली. मधे एकदा तिला रडू आणि हसू एकदमच आलं. वडिलांना सांगितलं नाही. त्यांचा मान राखायला आपण गिटार बिघडवलीय, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

फक्त म्हणाली, "थोडी दुरुस्ती केलीय, डॅडी. रविवारी वाजवून बघा."

"बघू," अल्बिन म्हणाले. आश्चर्य म्हणजे त्यांनी वाद घातला नाही.

रविवारी त्यांनी पेटी स्वतः उचलून सात पायऱ्या चढवल्या. वर पोचल्यावर न धापता क्लोविसकडे असं पाहिलं, की बिचाऱ्यानं फिडल उगाच पुसायला घेतलं. जोड्या उभ्या राहिल्या. पहिला वॉल्ट्झ.

पेडल खाली गेलं आणि सूर उतरला.

अल्बिननी नेल्डाकडे पाहिलं. नेल्डानं त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात खांबासारखा स्थिर होता.

"अल्बिन," क्लोविस फिडलखालून पुटपुटला, "चढते म्हणून ऐकलं होतं. ही तर उतरतेय."

नेल्डा पाना घेऊन गुडघ्यांवर आली आणि सरळ गिटारखाली शिरली. लोक नाचत राहिले. या हॉलमध्ये कुणी कशाखाली शिरलं म्हणून नाच थांबत नसतो.

"काय केलंस?" वरून अल्बिनचा दबका आवाज. पेडलांना न शिवता ते नुसत्या कांडीवर वॉल्ट्झ ओढत होते.

"उतार परत घातला. तुमच्या हातासाठी. तुम्ही काय केलंत?"

"हात सोडवला."

"चार दिवसांत?"

"जुन्या गिटारीवर," जवळच्या टेबलावरून व्लास्ता म्हणाली. तिच्यासमोर अर्धा कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेला गोड पाव, होता, बशीत साखर सांडली होती. "स्पीकर बंद ठेवून. मी मनगट धरून बसत होते, सकाळ-संध्याकाळ. लग्नापासून इतका वेळ हात धरला नव्हता यांनी माझा."

"या खेपेलाही तूच धरलास," अल्बिन म्हणाले.

"वाजवा तुम्ही."

खाली अंधारात नेल्डानं पहिल्या सळईचा स्क्रू शोधला. डोळ्यांत घाम गेला असावा. "काढते सगळा," ती म्हणाली.

"सगळा नको."

"का? हात सुटलाय ना?"

"सुटलाय. पण तो जुना माणूस आहे, कधीतरी विसरेल. थोडा ठेव, त्याच्यासाठी."

तिनं अर्धा आटा फिरवला. "आता?"

पेडल खाली आलं. ती कान लावून थांबली. मेपल नव्हतं ते, आणि तिनं केलेली स्वच्छ रेघही नव्हती.

"जरा आणखी. बस. बस, बस."

"डॅडी, हा आता कुठल्याच मापात बसत नाही."

"मी कुठे बसतो?"

नेल्डाला बाहेर यायचं होतं, पण अल्बिनचे दोन्ही पाय पेडलांवर होते आणि वॉल्ट्झ मधेच सोडणाऱ्यांतले ते नव्हते. ती तशीच पडून राहिली. डोक्याशी त्यांचा डावा बूट वर-खाली होत होता. त्याच्या शेजारी व्लास्ताचे काळे चामडी बूट येऊन उभे राहिले आणि तालावर हलू लागले.

"निघ आता," अल्बिन म्हणाले. "पुढे पोल्काचा जलद नाच आहे. पाय लागेल."

"आधी तुम्ही पाय उचला."

"थांब, हे कडवं होऊ दे."

ते कडवं त्यांनी तीनदा वाजवलं.