मुळांना मांदेलीचं पाणी

जूनमध्ये समिधा राऊत वर्गात "हजर" सुद्धा पुटपुटायची. मग गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेत ती मैत्रिणींच्या ढकलाढकलीत उभी राहिली आणि चक्क पहिली आली! तेव्हापासून तिचा हात जो वर गेला, तो खाली यायला तयारच नाही. समुद्रकाठच्या एडवणच्या शाळेत नववीचा वर्ग आता तिच्या आवाजाने उघडायचा आणि तिच्याच आवाजाने सुटायचा.

त्यामुळे विज्ञानाच्या शैलेश सरांनी जेव्हा विचारलं, "पालघरच्या प्रदर्शनाला आपल्या शाळेतून एकच प्रयोग जाणार. कोण करतंय?" तेव्हा वाक्य संपायच्या आत हात वर.

"कसला प्रयोग करणार, समिधा?"

"ते तुम्ही सांगा ना सर. मी पालघरला जायचं बघते."

वर्ग खिदळला. सरांनी कपाळाला हात लावला, पण विषय दिला. म्हणाले, झाडं स्वतःच्या पेशींत पॉलिअमाइन नावाची द्रव्यं बनवतात. त्यांच्यामुळे मुळांना बाजूची बारीक मुळं फुटतात आणि झाड मातीतलं नत्र, स्फुरद, पालाश जास्त ओढून घेतं. त्यातलंच एक पुट्रेसिन. "कुजलेल्या मासळीला जो वास येतो ना, त्यात हे असतं."

झालं. समिधाच्या डोळ्यांत दिवे लागले. कुजलेली मासळी! म्हणजे मुंबईच्या पोरांना जे प्रयोगशाळेतून मागवावं लागेल, ते आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलंय! शिवाय तिच्या बाबांच्या, रामनाथ राऊतांच्या वाडीत मिरचीला सुक्या मासळीचा चुरा टोपली टोपलीने पडायचा आणि मिरची अशी माजायची की बघत राहावं. मग टोपलीने एवढं होतं, तर नुसत्या अर्काने काय होईल?

"मुळं तिप्पट होणार," तिने मधल्या सुट्टीत अख्ख्या शाळेला सांगून टाकलं. पाण्याच्या नळापाशी उभं राहून. दोनदा.

जोडीला घेतली सपना. सपना डोंगराकडच्या गावातली, शिकायला इथे मावशीकडे राहायची. बोलायची कमी, पण घरच्या भाताचं बियाणं तिच्याकडे होतं.

समिधाने लिटरच्या बाटलीत मूठ मूठ मांदेली मासळी भरली, पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली परसदारी उन्हात ठेवली. पाचव्या दिवशी दुपारी ठाप्पकन आवाज झाला. झाकण उडून थेट पपईवर.

"कोण मेलं गं?" आई, म्हणजे शालूताई, पदर नाकाला लावत बाहेर आली.

"कोणी नाय गं, विज्ञान आहे!"

"तुझं विज्ञान वाडीच्या त्या टोकाला ने, बाय. वालाच्या आमटीला वास लागतोय."

मोठा भाऊ केदार बोईसरला केमिकल कंपनीत कामाला. पाळी संपवून तो नुकताच दारात आला होता. बूट न काढता तो तसाच मागे सरला. "आमी दिवसभर ॲसिडजवळ उभे असतो, पण हे काय हाय? थांब, मास्क आणतो. मला."

मग बाटली शाळेत आली. प्रयोग साधा होता. तीन काचेचे ग्लास, तळाशी ओला कापूस, वर भाताचे दाणे. पहिल्यात नुसतं पाणी, कारण सरांनी बजावलं होतं की ताडून बघायला साधा ग्लास हवाच. दुसरा सपनाचा, तिसरा समिधाचा.

सपनाने मावशीच्या घरातला कानात औषध घालायचा ड्रॉपर आणला होता. नाक दाबून तिने एक थेंब टाकला आणि तीन पावलं मागे गेली.

"एकच? अगं, पालघरला जायचंय आपल्याला!"

"मला एवढाच सोसला."

समिधाने स्वतःच्या ग्लासात पाच चमचे ओतले. मग जरा विचार करून सहावा.

सात दिवसांनी, प्रदर्शनाच्या निवडीच्या सकाळी, दोघींनी पट्टी घेऊन मुळं मोजली. साध्या पाण्यात सहा सेंटिमीटर. सपनाच्या ग्लासात आठ, आणि त्याला बाजूने इतकी बारीक मुळं की जणू झिप्री पोर. समिधाच्या ग्लासात एक सेंटिमीटर. तेही काळं, वाकडं, रुसल्यासारखं.

समिधाने पट्टी उलटी करून पुन्हा मोजलं. एकच. तिप्पट! नळापाशी! दोनदा!

"हा ग्लास बाकाखाली," ती म्हणाली. "दोनच मांडू. कोणाला कळणार?"

"तुझा लपवलास तर थेंब बरा का चमचा बरा, ते कसं कळंल?" सपना म्हणाली.

"कळायला नकोच आहे ना!" आणि तिने ग्लास बाकाखाली सरकवून त्यावर दप्तर उभं केलं.

परीक्षक म्हणून कृषी खात्यातल्या जागृती तांडेलबाई आल्या होत्या. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या. त्यांनी दोन्ही ग्लास पाहिले, समिधाचं घडाघडा भाषण ऐकलं आणि मध्येच नाक वर केलं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

"मांदेली," त्या म्हणाल्या. "दहा-बारा दिवसांची. झाकण लावून उन्हात ठेवलेली. आणि ती या ग्लासात नाही, खाली आहे."

शैलेश सरांनी डोळे मिटले. समिधा सपनाकडे बघू लागली, सपना छताकडे.

आता समिधाला वाटेल ते बोलता आलं असतं. मांजराने आणली, केदारदादाने ठेवली, काहीही! शब्द तर ओठांवर रांग लावून उभे होते. पण त्या बाईंच्या नाकापुढे खोटं बोलायचं म्हणजे समुद्राला भरती शिकवायची. तिने वाकून ग्लास वर काढला. पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या.

"हा माझा," ती म्हणाली. आवाज जूनमधल्या हजेरीएवढा. "मी सहा चमचे घातले. मला वाटलं, जास्त तेवढं बरं. वाडीत टोपलीने घालतात ना. हिने एक थेंब घातला, म्हणून हिचं आलं. माझं जळलं."

"वाडीतलं खत मातीत मुरतं, सावकाश उतरतं," बाई म्हणाल्या. "तुझ्या दाण्यांना तू त्यात बुडवलंस. बरं, हे पुट्रेसिनमुळेच झालं कशावरून? या पाण्यात मीठ असेल, अमोनिया असेल."

समिधाने ग्लासातल्या काळ्या मुळाकडे पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली. एवढं छोटं वाक्य ती गणपतीनंतर पहिल्यांदाच बोलत होती.

"हेच कागदावर लिही. ताकद कमी-जास्त करून अजून चार ग्लास लाव. दोघी पालघरला चला, आणि हा काळा ग्लास पुढे मांडा. तो नसता तर मी तुम्हाला पाठवलं नसतं."

समिधाने किंकाळी फोडली. सपनाने कान झाकले.

"मात्र ती बाटली," बाई रुमाल काढत म्हणाल्या, "तालुक्याची हद्द ओलांडणार नाही. शाळेचं फाटकसुद्धा नाही."

बाटली शाळेच्या भिंतीपाशी होती. पाऊण भरलेली. गटारात ओतायची नाही, हेडमास्तरांनी बजावलं. मुळांना चालते ना? मग मुळांनाच घाला. मापाने.

संध्याकाळी दोघी शाळेच्या मिरचीच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या. एका ग्लास पाण्याला एक थेंब. सपनाने बोटांवर हिशेब केला. मिलिलिटरला वीस थेंब, म्हणजे बाटलीत पंधरा हजार.

"पंधरा हजार ग्लास पाणी?" समिधा किंचाळली.

"ओरडू नको, दाबलेलं नाक सुटतं," सपना म्हणाली आणि ड्रॉपर दाबला. "एक."