डावीकडचा आवाज

बटणावरची पांढरी रेघ... बरोबर मधोमध. म्हणजे कुणीतरी ती पुन्हा सरळ केली होती. काल रेडिओ बंद करताना ती डावीकडे, घड्याळात दहा वाजतात तिथं, त्यानं स्वतः अंगठ्यानं हळूच नेऊन ठेवली होती. तिथं ठेवली की दोन्ही स्पीकरांचा आवाज जेमतेम सारखा होतो, नाहीतर सगळं गाणं उजवीकडे कलतं, एका बाजूला ओझं भरलेल्या हातगाडीसारखं. आणि आता सकाळी साडेआठला ती बाराच्या ठोक्यावर उभी. घरात माणसं दोन. एक तो स्वतः, आणि दुसरी बायको, जी फडकं हातात घेतलं की वाकडं दिसेल ते सरळ करत सुटते, मग ती भिंतीवरची तसबीर असो की त्याची कॉलर.

"अगं, या बॅलन्सच्या बटणाला हात लावलास का?"

स्वयंपाकघरातून काहीतरी उत्तर आलं. उत्तर होतं एवढं नक्की, पण शब्द नव्हते, नुसतीच एक गुणगुण. ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते... तिला तसं सांगावं तर ती बघत राहते, रागानं नव्हे, नुसतीच बघत राहते. त्यानं रेघ पुन्हा दहावर नेली, बूट चढवले, आणि खिशातला कागद तिसऱ्यांदा काढून वाचला. वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावरून उतरवून घेतलेली जाहिरात: 'जुना स्टीरिओ, चालू, स्पीकरसह. घर बदलत असल्याने देणे आहे. येऊन ऐकावे.'

येऊन ऐकावे. दोनच शब्द, पण लिहिणारं माणूस शहाणं असावं. लोक 'येऊन बघावे' असं लिहितात.

जुन्या वस्तू घेण्याचं त्याचं एक शास्त्र होतं, आणि ते तो विचारणाऱ्यालाही सांगे, न विचारणाऱ्यालाही. ज्याला वस्तूची किंमत कळते त्याच्याकडून घेऊ नये. ज्याला त्या वस्तूखालची जागा हवी आहे त्याच्याकडून घ्यावी. म्हणूनच त्याच्यासारख्या पगारदाराला ती जुनी, जडशीळ, ॲल्युमिनियमच्या तोंडवळ्याची यंत्रं परवडत. बटण फिरवलं की बोटाला वजन जाणवतं, खटका दाबला की 'खट्' असा आवाज होतो. नवी यंत्रं म्हणजे साबणाच्या डब्या. पण वर्षभरात तीन ॲम्प्लिफायर झाले होते, आणि तिन्हींना एकच रोग. पहिला भंगारवाल्याकडचा, डावीकडून मंद. दुसरा चौथ्या मजल्यावरच्या एका अविवाहित कारकुनाकडचा, तोही डावीकडून मंद. आणि तिसरा... तिसऱ्याचा विचार त्याला नको होता.

कारखान्यात तो हे सांगत होता तेव्हा नव्या इंजिनिअरनं विचारलं होतं, "पण काका, सगळ्यांची डावीच बाजू कशी जाते?"

"हृदय डावीकडेच असतं ना," तो म्हणाला होता. सगळे हसले. तोही हसला. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न बुटात खडा जावा तसा टोचत राहिला.

बसमध्ये खिडकी मिळाली. कंडक्टरनं काहीतरी विचारलं, त्यानं अंदाजानं सुटे पैसे पुढं केले. बस रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या गल्लीपाशी आली, तसा तो नकळत दुसरीकडे बघू लागला. दुरुस्तीवाला म्हातारा, नाकावर चष्मा, हातात कायम डाग द्यायची तापलेली कांडी. तिसरा ॲम्प्लिफायर त्याच्याकडचा. तीनदा परत नेला, तीनदा त्यानं उघडला. शेवटी मीटर लावून दाखवला: "बघा साहेब, दोन्हीकडे सुई सारखीच नाचते." आणि आपण काय म्हणालो? सुईला कान नसतात म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं होती, कुणी हसलं असावं, किंवा नसेलही, आणि आपण ओरडलो: लबाड आहात तुम्ही. म्हाताऱ्याची कांडी हवेतच थांबली. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, अंगण वाकडं नाही." म्हणीचा पहिला अर्धा भाग त्यानं गिळला होता. गिळला म्हणूनच तो जास्त लागला... नाचता येईना. मला? एकतीस वर्षं ज्याच्या कानावर कारखाना चालला त्याला?

कारखान्यात त्याला 'कानसेन' म्हणत. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स त्याच्यापुढं येई. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक धावत्या खोक्याला लावी, मूठ डाव्या कानामागच्या हाडाला, आणि उजव्या हातात खडू. आतल्या दातांची कुजबुज, बेअरिंगची शीळ, तेलाचं बुडबुडणं असं सगळं त्या लोखंडातून डोक्यात चढे, आणि खडू आपोआप 'ठीक' लिही किंवा फुली मारी. मालकसुद्धा त्या फुलीला वळसा घालून जात नसत. आणि गेल्या महिन्यात एक खोकं आठ दिवसांत परत आलं. वर त्याच्याच अक्षरातलं 'ठीक', आत बेअरिंगचा चुरा. वाहतुकीत आपटलं असेल, तो म्हणाला. "होतं असं, काका," नवा इंजिनिअर म्हणाला, आणि ते इतक्या मायेनं म्हणाला की त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं. दुसऱ्या दिवशी कंपनं मोजायच्या यंत्राचं माहितीपत्रक मालकांच्या टेबलावर होतं. त्यानं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. सोमवारी पुन्हा बारा खोकी रांगेत उभी राहणार होती. पण आज सोमवार नव्हता, आज सुटी होती. बस थांबली आणि तो उतरला.

दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या, सडपातळ, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. हे त्यांनी पहिल्याच मिनिटात सांगितलं, कारण खोलीभर गुंडाळलेले नकाशे पडले होते आणि त्यातून वाट काढावी लागत होती. लेकीकडे राहायला जायचं होतं, तिथं एवढे मोठे स्पीकर मावणार नव्हते. पडदे काढलेले, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. खिडकीपाशी एक स्पीकर, कपाटापाशी दुसरा, मधे लाकडी पेटीतला तो सेट. बघताक्षणी त्याला वाटलं, हाच. एकही ओरखडा नव्हता.

"मला त्यातलं यंत्र-बिंत्र काही कळत नाही हं," बाई म्हणाल्या. "पहिल्या पगारात घेतला आणि ऐकत आले, एवढंच. बसा. हीच माझी खुर्ची."

तो बसला. डावीकडे खिडकी, उजवीकडे कपाट. रेडिओचा काटा त्यानं दोन स्टेशनांच्या मधे नेऊन ठेवला आणि खोलीत खरखर भरली.

"अहो, गाणं लावा की! खरखर काय ऐकताय?"

"गाणं फसवतं," तो म्हणाला. "खरखर दोन्हीकडून सारखी येते. ती खोटं बोलत नाही."

आणि ती कपाटाकडून येत होती. सगळी नाही, पण कललेली... खिडकीकडे कुणी उशी धरली असावी तशी. इथंही? इतक्या जपलेल्या यंत्रातही? त्यानं डोळे मिटले, उघडले, पुढं सरकला, मागं रेलला. मग उठला. यंत्राचा दोष शोधायचा तर अदलाबदल करायची, हे तर तो नव्या पोरांनाही शिकवतो: एक गोष्ट बदला, बाकी जिथल्या तिथं ठेवा, आणि दोष कुठं सरकतो ते बघा. त्यानं सेटमागच्या तारा उलट्या जोडल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. खराब बाजू आता कपाटाकडे सरकायला हवी होती. सरकली नाही. म्हणजे यंत्र निर्दोष, आणि त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो पुन्हा एकदा ताराच चाचपत राहिला.

"मग खिडकीजवळचा स्पीकर गेला असेल," तो म्हणाला.

"गेला कसा? काल तर चांगला होता." बाईंनी पदर खोचला. "चला, जागा बदलू. धरा तिकडून."

दोघांनी ती धुडं उचलून नकाशांवरून पलीकडे नेली. बाईंना धाप लागली, पण चेहऱ्यावर वर्गात प्रयोग चालू असल्यासारखी मजा होती. तो खुर्चीत बसला. खरखर... कपाटाकडून. तसूभर फरक नाही.

"खोलीमुळं असेल," तो घाईघाईनं म्हणाला. "पडदे नाहीत ना. काचेतून आवाज बाहेर जातो." म्हणताना त्याचं त्यालाच कळलं की आपण नव्या पोरासारखं काहीतरी ठोकून देतोय. तारा झाल्या, स्पीकर झाले. आता एकच गोष्ट बदलायची राहिली होती. ती राहिली आहे हे त्याला आज कळलं नव्हतं. भंगारवाल्याच्या यंत्रापासून माहीत होतं. घरी त्याची खुर्ची जड आहे, तिची जागा ठरलेली आहे, ती हलवली की फरशीवर चरे पडतात, अशी किती कारणं त्यानं जमवून ठेवली होती, आणि प्रत्येक वेळी त्यापेक्षा नवं यंत्र शोधणं सोपं वाटलं होतं. चाळीस जाहिराती, किती बसेस, किती परक्यांचे जिने. मला यंत्र हवंच होतं का?

"मग खुर्ची फिरवा," बाई म्हणाल्या. सहज. "मुलांना नकाशा उमगला नाही की मी नकाशा नाही फिरवायची, त्यांनाच फिरवून बसवायची."

नाही म्हणायला कारण सापडेना. हलकी वेताची खुर्ची. त्यानं ती फिरवली, स्पीकरांकडे पाठ केली, आणि समोर भिंतीवरचा फिकट चौकोन बघत बसला.

खरखर खिडकीकडून येत होती.

इतका वेळ तिथून मेलेली, उशीखाली दबलेली ती खरखर आता खिडकीकडून, म्हणजे त्याच्या उजवीकडून, भरभरून येत होती, आणि कपाट गप्प झालं होतं. दोन स्पीकर, चार तारा, जागची खोली. फिरला होता फक्त तो. खडू धरलेला हात, 'ठीक' लिहिणारा... किती खोकी? आठ दिवसांत परत आलेलं एक, आणि परत न आलेली, अजून कुठंतरी फिरत असलेली? म्हाताऱ्याची हवेत थांबलेली कांडी. आणि मग, कुठून कोण जाणे, जेवणाचं टेबल. बायको वर्षानुवर्षं त्याच्या डाव्या हाताला बसायची. तीन महिन्यांपूर्वी एके दिवशी ताट उचलून उजवीकडे येऊन बसली. डोळ्यांवर ऊन येतं म्हणाली. रात्रीच्या जेवणाला कसलं ऊन? त्यालाही तेव्हा क्षणभर तसं वाटलं होतं, आणि त्यानं वाढून घेतलं होतं. ती तोंडातल्या तोंडात बोलत नव्हती. ती बोलायचं ठिकाण बदलून आली होती, आणि एका शब्दानं त्याला लाजवलं नव्हतं. त्याला रडू येईलसं वाटलं, या परक्या खोलीत, पसरलेल्या नकाशांमधे.

बाईंना खरखरीचा कंटाळा आला असावा. त्यांनी काटा फिरवून स्टेशन लावलं; कुणी बाई गात होती. मग त्या त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलू लागल्या. ओठ हलताना दिसत होते. त्याची मान सवयीनं हलली, हो हो, अगदी बरोबर... आणि मान हलवता हलवता त्याच्या लक्षात आलं की आपण हे किती दिवस करतोय. आणखीही एक वाक्य जिभेवर तयार होतं: डावीकडून जरा मंद आहे, काही कमी करता का. तीनदा वापरलेलं, गुळगुळीत झालेलं. त्यानं तोंड उघडलं.

"जरा या बाजूला येता का?" तो म्हणाला. "या कानानं मला नीट ऐकू येत नाही."

बाईंना काहीच नवल वाटलं नाही. त्या खुर्चीला वळसा घालून खिडकीकडे आल्या. "मी म्हणत होते, गाणारी अगदी मधोमध उभी आहे. आणि ते व्हायोलिन तिथं, कपाटाजवळ. हो ना?"

त्यानं कान दिला. व्हायोलिन होतं, पण कपाटाजवळ नव्हतं. गाणारीच्या अंगालाच कुठंतरी चिकटलेलं, पुसट.

"असेल," तो म्हणाला. "आणखी काय काय आहे? सांगा ना."

त्या डोळे मिटून सांगू लागल्या, तबला कुठं, बासरी कुठं, कोण पुढं, कोण मागं. आवाजाच्या बाबतीत त्यानं आजवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आज ऐकत होता. वर्षभर पायांत भरलेली ती वणवण थांबल्यासारखी वाटली आणि तिच्या जागी भीती येऊन बसली, चांगली थोराड, सोमवारच्या बारा खोक्यांएवढी. ती कुठल्या बाजूची हे तपासायला काही बदलून बघण्यासारखं उरलं नव्हतं. आणि ते कानाचं वाक्य आज आणखी एकदा म्हणायचं होतं, घरी, जिला ते ऐकायच्या आधीपासून ठाऊक होतं तिला. इथं ते पाणी मागावं इतक्या सहज निघालं होतं. तिथं कसं निघणार, हे काही केल्या त्याला कळेना.