कोरफडीचा काळा साबण

साबणाच्या बाबतीत सोनुन-आपाला शिकवायला जाणं म्हणजे नसती आफत ओढवून घेणं. अख्ख्या नारीन नदीच्या खोऱ्यात तिच्या काळ्या साबणाला तोड नव्हती. मेंढीची चरबी, रानातल्या झाडोऱ्याची राख आणि दोन दिवसांचा जाळ, बस्स. त्यात तिच्या सुनेनं, बुरुलनं, गेल्या हिवाळ्यात खिडकीतल्या कुंडीतली कोरफड घातली.

आणि काय सांगू, पार वाट लागली. कोरफडीचा सगळा गुण तिच्या कडू पिवळ्या रसात असतो, अशी बुरुलची ठाम समजूत. माहेरी खोकल्याला, गळवाला तोच वापरायचे. म्हणून तिनं सालीसकट पात्या चिरून उकळत्या कढईत लोटल्या. साबण धड जमला तर नाहीच, वर घाण वास आणि हाताला खाज. शेजारच्या जामाल-एजेला, म्हणजे जामालताईला, वर्षभराची करमणूक मिळाली. सोनुनच्या सुनेनं कढईलाच औषध पाजलं, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. आपानं फर्मान काढलं, यापुढे सुनेनं जाळ घालावा, कढईला हात लावू नये.

बुरुलला राग आला तो स्वतःचाच. कारण हा सगळा खटाटोप आपासाठीच होता. आपाची बोटं भेगाळून रक्त यायचं, आणि शरदात बुरुलच्या नणंदेचं, आयझादाचं, लग्न होतं. लेकीच्या लग्नाचा नमदा, लोकरीचा जाड गालिचा, आईनंच मळायचा, तीन दिवस, कढत पाणी आणि साबण लावून. हात तुटले तरी बेहत्तर पण मीच मळणार, असं आपा म्हणायची आणि गाय पिळताना कण्हायची. बुरुलला ते ऐकवत नसे.

उन्हाळा सरता सरता आपा भावाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेली, आणि बुरुलनं चूल पेटवली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. या खेपेला तिनं पात्या उभ्या ठेवून खाज आणणारा पिवळा रस गळू दिला, साल काढली, नुसता गर घेतला. राखेचं पाणी पुरेसं कडक झालंय का ते बघायला त्यात अंडं सोडलं, ते तरंगलं तेव्हा चरबी घातली. साबण दाटल्यावर कढई उतरवली, आणि बाहेरून हात टेकवता येईल इतकी ती निवली तेव्हाच गर घोटला. मग गोळे वळून पडवीत सुकत घातले. आपानं परत आल्यावर ते पाहिले आणि ती सरळ गाय पिळायला निघून गेली. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

नमद्याच्या दिवशी अंगणात सात बायका जमल्या. बुरुलनं सगळ्यांसमक्ष गोळा आपापुढे ठेवला.

"यात कोरफड आहे, आपा. तुमचे हात बिघडले तर मी पुन्हा चुलीकडे फिरकणार नाही."

"आणि लग्न बिघडलं म्हणजे?" जामाल-एजेनं टोमणा मारलाच.

आपानं गोळा हुंगला, नखानं ओरखडला आणि पाण्यात बुडवला.

तीन दिवस लोकर मळली जात होती आणि बुरुलचा जीव टांगणीला लागला होता. नमद्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती आपाची बोटं बघत होती. पहिल्या दिवशी रक्त आलं नाही. दुसऱ्या दिवशी आपा चक्क गुणगुणायला लागली. तिसऱ्या दिवशी नमदा घट्ट वळून बांधला तेव्हा तिच्या भेगा मिटत आल्या होत्या. जामाल-एजे स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होती. शेवटी ती हळूच म्हणाली, "आपा, यंदाचा तुमचा साबण काही औरच आहे हो. दोन गोळे द्याल?"

"माझा नाही," आपा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सुनेचा आहे. मी तिला नको म्हटलं होतं, तिनं ऐकलं नाही, बरं केलं. हवा असेल तर तिच्याकडे माग."

जामाल-एजेला तो मागावा लागला, आणि तोही सात बायकांच्या देखत. बुरुलनं मान ताठ ठेवून दोनाचे चार दिले.