भावासाठी मागितलेली जागा

अण्णा नैरोबीच्या रेल्वेत कारकून होते. बावन्न साली निवृत्त झाल्यावर बायको आणि दोन मुलांना घेऊन ते डोंबिवलीला आले आणि भातशेतांना लागून असलेल्या एका नव्या चाळीत राहू लागले. थोरला गोपीनाथ एकदा नापास झालेला, त्यामुळे त्याची आणि धाकट्या कलावतीची शाळा एकाच वर्षी संपली. तिथल्या शाळांत शेवटी होणाऱ्या केंब्रिजच्या परीक्षेत कलावती पहिल्या वर्गात आली, गोपीनाथ कसाबसा सुटला.

मुंबईत मात्र त्या परीक्षेचं काय करायचं हे कुणी नीट सांगेना. एका कॉलेजात म्हणाले, मराठीचा पेपर कुठे आहे? दुसऱ्यात म्हणाले, आधी वरून मंजुरी आणा. मंजुरी येईपर्यंत वर्ष वाया गेलं.

"विलायत आपल्याला परवडायची नाही," कलावती एकदा जेवताना म्हणाली. "पण अमेरिकेत स्वस्त कॉलेजं असतात. तिथे ही परीक्षा चालते, आमच्या शाळेतल्या बाई सांगायच्या."

मग ती फोर्टातल्या अमेरिकन वाचनालयात जाऊन बसू लागली. कॉलेजांची माहितीपत्रकं वाचायची आणि मोठ्या शहरातली, नावाजलेली कॉलेजं सोडून द्यायची. शेवटी तिला एका लहान गावातलं कॉलेज सापडलं. तिथे विद्यार्थी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करत आणि त्यावर त्यांचं राहणं-जेवण भागत असे.

"म्हणजे परक्यांची भांडी घासायला एवढ्या लांब जायचं?" आई म्हणाली.

"घासायला काय झालं, आई? रसायनशास्त्र शिकायला मिळेल."

तिने दोघांचेही अर्ज केले. गोपीनाथला नकार आला. कलावतीला पूर्ण फी माफ झाली आणि स्वयंपाकघरातलं कामही मिळालं. बोटीचं भाडं तेवढं घरचं. अण्णांच्या फंडातून एका माणसाचं भाडं निघण्यासारखं होतं.

अण्णांनी दोन दिवस फंडाचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. मग गोपीनाथ आंबिवलीच्या कारखान्यात नोकरीची चौकशी करायला गेलेला असताना त्यांनी तिला जवळ बसवलं.

"कला, तू हुशार आहेस, मला ठाऊक आहे. पण एकट्या मुलीला कसं पाठवू? आणि गोप्याला इथे कोण विचारतंय? उद्या घर त्यालाच चालवायचंय. तू त्यांना लिही, माझी जागा भावाला द्या म्हणून."

"असं देत नाहीत, अण्णा."

"विचारायला काय हरकत आहे? माझं इंग्रजी कारकुनी. तूच चांगलं लिहिशील."

ते रागावले असते तर ती भांडली असती. पण ते अजिजीने बोलत होते, आणि आई दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. कलावतीने लिहिलं. चांगलंच लिहिलं.

उत्तर आलं ते असं, की जागा भावाला देता येत नाही. आपण येऊ शकत नाही हे वाचून वाईट वाटलं, आपली जागा आता दुसऱ्या विद्यार्थिनीला दिली आहे.

गोपीनाथला सगळं कळलं ते तेव्हा. तो अण्णांसमोर आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

"मी मागितली होती का तिची जागा? मला विचारलंत तरी का?"

"मी नुसतं विचारायला सांगितलं होतं रे," अण्णा म्हणाले.

"आणि तू? तू का लिहिलंस?"

"मी लिहिलं नसतं, दादा," कलावती म्हणाली, "तर त्यांनी तुला लिहायला लावलं असतं. तू काय केलं असतंस?"

गोपीनाथने कॉलेजचं पत्र उचलून खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन कॉलेजला तार केली, बहिणीची जागा तिला परत द्या म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, असं उत्तर आलं. तिने केला. या खेपेला प्रवेश मिळाला, पण फी माफ झाली नाही. गोपीनाथ तोवर कारखान्यात लागला होता. तो पगार बहिणीच्या हातात ठेवू लागला, पण तेवढ्यात काय होणार? अण्णांशी तो कामापुरतंच बोले. काही महिन्यांनी कलावतीने त्याचे पैसे घेणं बंद केलं आणि कल्याणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली.

संध्याकाळी ती गाडीतून उतरली की अण्णा डोंबिवली स्टेशनबाहेर उभे असायचे. ती कधी यायला सांगत नसे, नको असंही म्हणत नसे. ते तिच्या हातातल्या वह्या घेत आणि दोघं चाळीपर्यंत न बोलता चालत जात.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी वारा बोचरा होता. अण्णांनी मफलर घट्ट केला.

"तिथे आता बर्फ पडत असेल, नाही?"

"असेल," कलावती म्हणाली आणि चालत राहिली.