खिडकीतून हललेला हात

मित्रांनो, माझं मुखपृष्ठ फाटलं आहे, म्हणून ओळख मीच करून देतो. मी स्पर्धा परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीचं जुनं पुस्तक. आर्वीच्या सुरभी आणि गुंजन या मैत्रिणींनी मला मिळून विकत घेतलं. अभ्यासिकेत दोघी एकाच बाकावर बसून मला वाचत. 'विधान आणि गृहीतक' हे प्रकरण काही गुंजनला जमत नसे.

"'ओलं सोयाबीन आणू नये, अशी पाटी लावली.' आता यात काय धरून चाललं?" सुरभी विचारायची, आणि सांगायचीही तीच. "पाटी लोकं वाचतीन, हे! लिहिलं नाई, पन धरून चाललं, तेच गृहीतक. ते खरंच असते, असं नाई."

गुंजन हसून समासात लिहून ठेवायची.

सुरभी पास झाली, नोकरीवर नागपूरला निघाली. गुंजन चार गुणांनी राहिली. जाताना सुरभीनं मला तिच्या हाती दिलं. "पुढच्या वर्षी तुयं होते, पाहजो."

पण गुंजन ओळीच्या कडेचे शब्द गाळू लागली. दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटू लागला. एकदा ती मला छातीशी धरून एसटी स्टँडवर उभी होती. बाजूच्या गाडीच्या खिडकीतून सुरभीनं हात हलवला. बराच वेळ हलवला. गुंजन समोरच बघत राहिली. गाडी निघून गेली. मला हाक मारता आली नाही.

त्यानंतर सुरभीचा फोन आला नाही.

"साहेबीन झाली ते. आपल्याले काऊन फोन करन?" गुंजन आईला म्हणाली, आणि तिनंही केला नाही.

दीड वर्षानं गुंजनची आई, भागीरथाबाई, सुरभीला बाजारात भेटली. त्याच पावली सुरभी गुंजनच्या घरी आली.

"मले वाटलं, तू रागावली. स्टँडवर पाहून न पाहिल्यासारखं केलं."

"कधी वं?" गुंजन आवाजाकडे वळली. "काचबिंदू होता. आंधी बाजूचं दिसेनासं झालं, मंग सारंच. डॉक्टर म्हने, वर्षभर आंधी आनलं असतं तं होती तेवढी नजर वाचली असती."

सुरभीची नागपुरातली खोली डोळ्यांच्या दवाखान्यासमोरच होती. तिनं गुंजनचे हात धरले.

आता गुंजन कधी कधी मला मांडीवर घेऊन पानांवरून बोटं फिरवते. छापलेलं अक्षर बोटांना लागत नाही.

पुस्तकं जपा, असं सगळीच पुस्तकं सांगतात, मित्रांनो. माझं मागणं वेगळं आहे. आपलं माणूस बोलेनासं झालं, तर मनातल्या मनात उत्तर ठरवू नका. त्याच्या घरी जा. त्यालाच विचारा. आणि उशीर करू नका.